एक्सक्वेरीत > लिहायचं की जीटी? वाचनालयाच्या यादीचा मेळ बसत नाहीये

अंत्रूजकर · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाचं (फोंडा तालुका) जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं. दाखल नोंदवही तेवढी एक्सएमएलमध्ये (टोकदार कंसांच्या खुणांत माहिती ठेवणारी फाइल) काढून घेता आली, हे नशीब. आता वार्षिक सभेपुढे दोन याद्या ठेवायच्यात: दोनशे रुपयांच्या वरची पुस्तकं, आणि दोनशे किंवा त्याहून कमीची. वरची काचेच्या कपाटात जाणार, घरी द्यायची नाहीत असं कमिटीचं ठरलंय. दोन्ही याद्या मिळून सगळी पुस्तकं यायला हवीत ना? येत नाहीत. काही दोन्हीकडे दिसतात, काही कुठेच नाहीत.

चार नोंदींचा नमुना देतो. नावं-लेखक काढलेत, बाकी फाइलमध्ये आहे तसंच:

<यादी>
  <पुस्तक दाखल="101"><किंमत>250</किंमत></पुस्तक>
  <पुस्तक दाखल="102"><किंमत>90</किंमत><किंमत>350</किंमत></पुस्तक>
  <पुस्तक दाखल="103"/>
  <पुस्तक दाखल="104"><किंमत>२७५</किंमत></पुस्तक>
</यादी>

//पुस्तक[किंमत > 200]
//पुस्तक[किंमत <= 200]

शेवटच्या दोन ओळी म्हणजे माझ्या क्वेरी, फाइलमधून हवी ती पुस्तकं शोधायला. एक्सएमएल-लिंटवर (एक्सएमएल तपासायचं साधन) पहिली ओळ १०१ आणि १०२ देते, दुसरी फक्त १०२. तीच पहिली ओळ बेसएक्समध्ये (एक्सक्वेरी चालवणारं दुसरं साधन) टाकली तर यादी नाहीच, एफओआरजी०००१ अशी एरर. कोणीतरी म्हणालं > ऐवजी जीटी (ग्रेटर दॅन) वापर. तर एक्सपीटीवाय०००४. आता मात्र डोकं चालेना. (कीवर्ड आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये रोमनच आहेत.)

१०२ला दोन किमती का, तर जुनी खोडून नवी घातली की हे सॉफ्टवेअर दोन्ही ठेवायचं.


आल्तिन्हो · सोमवार, रात्री ९.५२

एक्सेलमध्ये उघडा, फिल्टर लावा, झोपा.


अंत्रूजकर · सोमवार, रात्री ९.५५

उघडली होती. दोन किमतीवाल्या पुस्तकांच्या दोन-दोन ओळी झाल्या आणि एकूण पुस्तकंच वाढली. 🙏


मांडवीकाठ · सोमवार, रात्री १०.३०

अंत्रूजकर बाब, नमुना झकास दिलात. चार नोंदींत तीन वेगवेगळी दुखणी आहेत, म्हणून एकच औषध शोधलंत तर सापडणार नाही.

आधी > बद्दल. एक्सपाथ आणि एक्सक्वेरी या एक्सएमएलमधून माहिती शोधायच्या भाषा, त्यांत तुलनेची दोन घराणी आहेत. एक चिन्हांचं: =, !=, <, <=, >, >=. दुसरं अक्षरांचं, त्याच क्रमाने: ईक्यू, एनई, एलटी, एलई, जीटी, जीई. अक्षरांचं घराणं एक्सपाथ १.० मध्ये (१९९९) नव्हतंच. ते २००७च्या जानेवारीत एक्सपाथ २.० आणि एक्सक्वेरी १.० सोबत आलं. एक्सएमएल-लिंट अजून १.० वरच आहे, म्हणून तिथे जीटी चालणारच नाही.

चिन्हं पूर्ण संचाची तुलना करतात. डावीकडे कितीही किमती असोत, उजवीकडे कितीही, त्यातली एक जोडी जरी अट पाळत असेल तरी उत्तर "खरं". १०२मध्ये ३५० आहे, म्हणून > 200 खरं. ९० पण आहे, म्हणून <= 200 सुद्धा खरं. दोन्ही याद्यांत नाव लागलं ते असं.

१०३मध्ये किंमतच नाही. जोडीच तयार होत नाही, म्हणून दोन्ही अटी "खोट्या". ते दोन्हीकडून गळालं. म्हणजे > आणि <= हे एकमेकांचे उलट आहेत हे आपण शाळेत शिकलो ते इथे प्रत्येक पुस्तकाला बरोबर एकच, आकडा म्हणून वाचता येणारी किंमत असेल तेव्हाच भरवशाचं.

१०४ जरा बघण्यासारखं आहे, त्यावर सावकाश लिहितो. आमच्याकडे पाऊस धो धो सुरू झालाय, लाइट जायच्या आत हे पाठवतो.


शुक्रवारचा_बाजार · सोमवार, रात्री १०.४१

सोप्या भाषेत: म्हापशाच्या बाजारात "बांगडे शंभराच्या आत आहेत का?" विचारलंत तर एक जरी मासळीवाली हो म्हणाली की झालं. "शंभराच्या वर आहेत का?" विचारलंत तरी कोणीतरी हो म्हणणारच. आणि बाजार बंद असला तर दोन्हीला नाही.


डिचोलीकर · सोमवार, रात्री ११.०५

म्हणूनच मी सांगतो, चिन्हं वापरूच नका. आमच्या टीमचा नियम आहे: कायम जीटी, एलटी, ईक्यू. एकापेक्षा जास्त किमती आल्या की एरर येते, आणि एरर आलेली परवडली. चुकीची यादी गुपचूप हातात पडण्यापेक्षा बरं.


कुळागर · मंगळवार, सकाळी ७.१५

डिचोलीकर, नियम अर्धाच पटला. जीटीसुद्धा सगळ्याच ठिकाणी आवाज करत नाही. किंमत नसलेल्या पुस्तकावर जीटी एरर देत नाही, रिकामा संच परत देतो, आणि चौकटी कंसात रिकामा संच म्हणजे "खोटं". तुमच्या नियमानेही १०३ गुपचूपच गळतं.

शिवाय अंत्रूजकरांना जीटीवर जी एरर आली ती दोन किमतींमुळे नव्हेच. ती आधीच, १०१वरच आली असणार. स्कीमा (कुठे कुठल्या प्रकारची माहिती असेल याचे नियम) न लावलेल्या फाइलमधला मजकूर "अनटाइप्ड" असतो, म्हणजे आकडा की शब्द हे न ठरलेला. चिन्हांचं घराणं समोर आकडा बघून त्याचा स्वतःच आकडा करून घेतं. अक्षरांचं घराणं त्याला सरळ स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, समजतं. मग स्ट्रिंग आणि आकडा एकमेकांसमोर आले की एक्सपीटीवाय०००४. जीटी हवाच असेल तर आधी सांगावं लागतं: एक्सएस:डेसिमल(किंमत) जीटी 200. आणि मग १०२वर अडेल, कारण त्या फंक्शनला एकच किंमत चालते.


डिचोलीकर · मंगळवार, सकाळी ८.०२

आमच्याकडे सगळं स्कीमा लावून येतं, त्यामुळे हे कधी आडवं आलं नाही. स्कीमात किंमत डेसिमल म्हणून घोषित असेल, आणि प्रोसेसर स्कीमा वाचणारा असेल, तर जीटी सरळ चालतो. मुद्दा मान्य, पण वाचनालयाच्या फाइलला कोण स्कीमा लिहीत बसणार.


मांडवीकाठ · मंगळवार, दुपारी १.२०

काल रात्री लाइट गेलीच. आता १०४.

किंमत देवनागरी अंकांत आहे: २७५. माणसाला काही फरक पडत नाही. पण एक्सपाथ १.०च्या आकड्यांत आणि एक्सएमएल स्कीमाच्या संख्या-प्रकारांतही फक्त 0 ते 9 हेच अंक मान्य आहेत, इतर लिपींतले नाहीत. म्हणून एक्सपाथ १.० "२७५"चा आकडा करायला गेला की "आकडा नाही" (एनएएन) ही किंमत तयार होते. तिच्याशी <, <=, >, >=, = काहीही करा, उत्तर खोटं. गुपचूप. एक्सपाथ २.० पासून तेच आपोआप होणारं रूपांतर फसलं की एफओआरजी०००१ देऊन क्वेरीच थांबते. तुम्हाला दोन साधनांवर दोन वेगळी उत्तरं मिळाली ती याच एका नोंदीपायी.

आणि यातला एक बारकावा. कोणी सुचवेल की रेगेक्सने (मजकुराचा साचा जुळवून) आधी तपासा, बॅकस्लॅश-डी लावा. नका लावू. एक्सक्वेरीच्या रेगेक्समध्ये बॅकस्लॅश-डी युनिकोडमधल्या कुठल्याही लिपीच्या दशमान अंकाला जुळतो, त्यात देवनागरीही आली. म्हणजे तपासणीत २७५ पास होणार आणि पुढे आकडा करताना आपटणार. [0-9] असं उघड लिहा.

इलाज सोपा आहे, ट्रान्सलेट फंक्शन अंकाला अंक बदलून देतं:

ट्रान्सलेट(किंमत, '०१२३४५६७८९', '0123456789')


सत्तरीकर · मंगळवार, दुपारी २.१०

थोडं अवांतर, पण याच धाग्यात बसतं. जुन्या छपाईची सूची करत होतो. गोव्यात छापखाना १५५६लाच आला, त्यामुळे अशा नोंदींत एकेका ग्रंथाला बऱ्याच आवृत्त्या असतात. उदाहरणार्थ ख्रिस्तपुराण, रायतूरला १६१६ साली छापलं, मग १६४९ आणि १६५४:

<ग्रंथ>
  <नाव>ख्रिस्तपुराण</नाव>
  <आवृत्ती>1616</आवृत्ती>
  <आवृत्ती>1649</आवृत्ती>
  <आवृत्ती>1654</आवृत्ती>
</ग्रंथ>

१६२० ते १६४० मध्ये छापलेलं काय आहे ते शोधायला लिहिलं:

//ग्रंथ[आवृत्ती > 1620 अँड आवृत्ती < 1640]

आणि हा ग्रंथ आला! त्या वीस वर्षांत त्याची एकही आवृत्ती नाही. काय झालं तर १६४९ ही १६२०च्या पुढची म्हणून पहिली अट खरी, १६१६ ही १६४०च्या आधीची म्हणून दुसरी खरी. दोन अटी दोन वेगळ्या आवृत्त्यांनी पाळल्या आणि "अँड"ला त्याचं काही देणंघेणं नाही. दोन्ही अटी एकाच आवृत्तीवर हव्या असतील तर त्या आवृत्तीच्या आत ढकलायच्या (टिंब म्हणजे तीच आवृत्ती):

//ग्रंथ[आवृत्ती[. > 1620 अँड . < 1640]]

ही एवढीशी टिंबाची जागा, पण यादी पार बदलते. दोन टोकांमधलं काहीही शोधायचं असेल (किंमत, साल, पानं) तर मी आता सरसकट दुसऱ्या पद्धतीनेच लिहितो, संचात एकच असलं तरी.


आल्तिन्हो · मंगळवार, दुपारी २.१८

1620 < आवृत्ती < 1640 असं एका दमात का नाही लिहीत?


कुळागर · मंगळवार, दुपारी २.४०

२.० पासून तशी साखळी लिहिताच येत नाही, वाक्यरचनेचीच एरर. १.० मध्ये येते, पण अर्थ भलताच. डावीकडून सोडवत जातं: 3 > 2 > 1 म्हणजे (3 > 2) > 1. कंसातलं "खरं", त्याचा आकडा १, आणि १ > १ खोटं.


अंत्रूजकर · मंगळवार, संध्याकाळी ७.३०

देव बरें करूं सगळ्यांना. एकेक करून बघतोय. दोन नवे प्रश्न.

एक: हरवलेल्या पुस्तकाची भरपाई किमतीपेक्षा कमी घेतलीय का ते तपासायला //पुस्तक[भरपाई < किंमत] लिहिलं. एक्सएमएल-लिंटवर यादी बरोबर. बेसएक्सवर भरपाई १०० आणि किंमत ९० अशी पुस्तकंही आली. १०० हे ९०पेक्षा कमी कधीपासून?

दोन: काही किमती "रु. 150", "150/-" अशा आहेत. आधीच्या ग्रंथपालांची सवय.


मांडवीकाठ · मंगळवार, रात्री ८.१५

एक: दोन्ही बाजू फाइलमधूनच आल्या, दोन्ही अनटाइप्ड. २.० पासून अशा वेळी चिन्हंसुद्धा त्यांची स्ट्रिंग म्हणूनच तुलना करतात, म्हणजे पहिल्या अक्षरापासून. "1" हे "9"च्या आधी, म्हणून "100" < "90" खरं. एका बाजूला उघड आकडा होता (200) म्हणून आत्तापर्यंत हे जाणवलं नाही. १.० मध्ये < आणि > कायम आकड्यांवरच चालतात, म्हणून तिथे बरोबर उत्तर आलं. १.० वरून नव्या साधनाकडे जाताना हेच जास्त फसवतं, कारण एरर येत नाही. किमान एक बाजू नंबर() मध्ये गुंडाळा, मी दोन्ही गुंडाळतो:

//पुस्तक[नंबर(भरपाई) < नंबर(किंमत[लास्ट()])]

तारखांनाही हेच. तुमच्या फाइलमध्ये 05/06/2021 अशा असतील तर स्ट्रिंगने त्या दिवसावरून लागतात, आणि जून २०२१ हा 19/12/1961 च्या, म्हणजे गोव्याच्या मुक्तिदिनाच्या, आधी येतो.

दोन: रिप्लेस वापरून अंक आणि टिंब सोडून बाकी सगळं उडवायचा मोह होईल. "150/-" चं नीट 150 होतं. "रु. 150" मधलं रु उडतं, रिकामी जागा उडते, पण रु पुढचं टिंब राहतं. हातात येतं ".150", म्हणजे पंधरा पैसे. आधी 'रु.' हा तुकडा टिंबासकट काढा, मग बाकीची सफाई.


शुक्रवारचा_बाजार · मंगळवार, रात्री ८.२६

पंधरा पैशाचं पुस्तक काचेच्या कपाटात नको 😀

जुनी पुस्तकं असतील तर आणखी एक बघा. मुक्तीआधीच्या पुस्तकांवर किंमत कशात आहे? शेवटची काही वर्षं इथे एस्कुदो होते, त्याआधी रुपिया आणि तांगे. सहा एस्कुदोंचा एक रुपिया धरून चलन बदललं होतं. "12 एस्कुदो" मधला १२ काढून त्याची दोनशे रुपयांशी तुलना ऑपरेटर आनंदाने करेल.


अंत्रूजकर · मंगळवार, रात्री ८.४०

आहेत तशी! पोर्तुगीज शिक्के असलेली एक फळी भरून आहे. ती किमतीवर न बघता सरळ कपाटात घालावी हे बरं. "एस्कुदो", "रुपिया" किंवा "तांगा" शब्द असलेल्या नोंदी आधीच बाजूला काढतो.


कुळागर · मंगळवार, रात्री ९.०५

हे पटलं. मग उरलेल्यांसाठी असं करा. आधी निर्णय: १०२सारख्याची खरी किंमत कोणती? हा प्रश्न कमिटीचा आहे, ऑपरेटरचा नाही. शेवटची धरायची असं ठरलं की किंमत[लास्ट()]. एकदा एकच किंमत हातात आली की चिन्ह लिहा नाहीतर आकडा करून जीटी लिहा, उत्तर तेच. दोन किमतींचा निकाल न लावता नुसतं चिन्हाचं अक्षर केलंत तर फक्त एररचा नंबर बदलेल.

//पुस्तक[नंबर(ट्रान्सलेट(किंमत[लास्ट()], '०१२३४५६७८९', '0123456789')) > 200]

दुसऱ्या यादीला > च्या जागी <=. हे १.० मध्येही चालतं, एक्सएमएल-लिंटवर करून बघा. १०१, १०२, १०४ पहिल्या यादीत येतील, दुसरी या नमुन्यापुरती रिकामी.

आणि तिसरी यादी लागेल, तिच्याशिवाय बेरीज जुळणार नाही. किंमत नसलेली आणि वाचता न येणारी:

//पुस्तक[नॉट(नंबर(ट्रान्सलेट(किंमत[लास्ट()], '०१२३४५६७८९', '0123456789')) >= 0)]

एनएएन कशापेक्षाच मोठा किंवा समान नसतो, म्हणून नॉट लावला की असे सगळे पकडले जातात. १०३ इथे येईल. आणि म्हणूनच दुसरी यादी नॉट(… > 200) अशी करू नका. त्यात स्वस्त पुस्तकं आणि किंमत नसलेली पुस्तकं एकत्र मिसळतील.


डिचोलीकर · मंगळवार, रात्री ९.३०

हे चांगलंय. नॉटवरून आठवलं, भाषेच्या यादीत हाच गोंधळ होतो. //पुस्तक[भाषा != 'मराठी'] लिहून "मराठी सोडून बाकी" मिळत नाही. मराठी-पोर्तुगीज अशा दोन भाषा नोंदलेलं पुस्तक त्यात येतं (पोर्तुगीज ही मराठी नाही, झाली जोडी), आणि भाषा न नोंदलेलं येत नाही. हवं असतं ते नॉट(भाषा = 'मराठी'). इथे तर चिन्हांचंच घराणं कामाचं आहे, तिथे ईक्यू लिहिला तर दोन भाषांच्या पुस्तकावर क्वेरी थांबेल. म्हणजे माझ्या टीमच्या नियमाला अपवाद मीच दिला. असो.


आल्तिन्हो · मंगळवार, रात्री ९.४४

ही ओळ मी एक्सएसएलटीच्या (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) फाइलमध्ये टाकली तर <= वर पार्सर ओरडतोय.


मांडवीकाठ · मंगळवार, रात्री ९.५०

एक्सएसएलटी ही स्वतःच एक्सएमएल फाइल, तिथे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये उघडा < चालत नाही. अँपरसँड, एलटी, अर्धविराम असं लिहावं लागतं. नाहीतर बाजू उलटवा: 200 >= किंमत. > उघडा चालतो. (आणि तुम्ही एक्सेल सोडून एक्सएसएलटीत कधी आलात?)


अंत्रूजकर · बुधवार, रात्री १०.१०

तिन्ही याद्या आणि एस्कुदोवाल्या मिळून आकडा नोंदवहीशी जुळला. तिसरी यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली, त्यात "देणगी" असं किमतीच्या रकान्यात लिहिलेली बरीच आहेत. ती कपाटात जातात की बाहेर, हे सभाच ठरवेल. भरपाईची यादी कारभाऱ्यांना वेगळी देतोय. तारखांचं काम राहिलंय, ते मुक्तिदिनाचं उदाहरण बघून नोंद-तारखेच्या सगळ्या क्वेरी पुन्हा काढाव्या लागणार. त्याचा नवा धागा उघडतो.